ब्रेकवालीचं उत्पन्न

विहीर खोदणाऱ्या टोळीत माणसं एकेकटी मोजत नाहीत, जोड्या मोजतात. नवऱ्याने खाली खडक फोडायचा, बायकोने वर राबायचं आणि आठवड्याच्या शेवटी दोघांची मिळून एकच मजुरी नवऱ्याच्या हातावर पडायची. ही पद्धत कोणी पाडली असं मुकादमाला विचारलं, तर तो म्हणायचा, माझ्या आधीपासूनची आहे. त्याच्या आधीच्या मुकादमानेही तेच सांगितलं असतं.

कातळ्याच्या टोळीत अशा तीन जोड्या होत्या. खाली कातळ्या, लंबू आणि जावई. जावई सासऱ्याच्या घरी राहायचा आणि त्याचं त्याला काडीचंही वाटायचं नाही, म्हणून तो अख्ख्या गावाचा जावई झाला होता. कातळ्याचं नाव मात्र मानाचं होतं. ऐन उमेदीत त्याने नुसत्या घणाने असा एक थर फोडला होता, की ज्यावर दोन टोळ्यांनी हात टेकले होते. आता घणाच्या जागी कॉम्प्रेसरवर चालणारं ड्रिल आलं होतं. त्याने काम झपाट्याने व्हायचं आणि धूळही झपाट्याने व्हायची. साठ फुटांवर ती धूळ जाणार कुठे? तिघांच्या नाकातोंडात जायची, आणि तिघांमध्ये कातळ्याचं नाक सगळ्यात जुनं होतं.

वर यारी होती. यारी म्हणजे लोखंडी सांगाडा, त्याला डिझेलचं इंजिन, तारेचा दोर आणि दोराच्या टोकाला लोखंडी डोल. त्याच डोलातून दगड वर यायचा आणि त्याच डोलात उभी राहून माणसं खाली जायची. लंबूची आणि जावयाची बायको डोल ओढून घेऊन दगड ओतायच्या. कातळ्याची बायको यारीच्या दांड्यावर असायची. दांडा दाबला की दोर थांबायचा, सैल सोडला की सुटायचा. चौदा वर्षं त्या दांड्यावर तिचाच हात होता, त्यामुळे तिला सगळे ब्रेकवाली म्हणत. खालून डोलाच्या काठावर हातोडीचे ठोके पडायचे. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे वर घे, तीन म्हणजे सोड. चौदा वर्षांत तिने एकदाही तीनचे दोन ऐकले नव्हते.

त्या दिवशी दुपारी फुग्याची बायको आली. फुग्या ओढ्यापलीकडच्या टोळीतला, फुगीर गालांचा हसरा माणूस. गालफडं आधी बसली, मग छाती, आणि महिन्यापूर्वी तो गेला. जेवणाची सुट्टी होती. मुकादम मोटारसायकलवरून आणलेली घडीची खुर्ची टाकून, छत्री धरून बसला होता. फुग्याच्या बायकोने त्याला सांगितलं, की ती दगड ओतेल, घमेली वाहील, पडेल ते करील. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्याने तिला आपल्या किटलीतला चहा दिला, फुग्या कसा कामाचा होता ते सांगितलं आणि मग म्हणाला, "जोडी फुटली ना आता. जोडीदार आण, उद्यापासून ये."

जोडीदार बाजारात मिळतो असं लंबूला वाटलं असावं, कारण तो हसला. मग एकटाच हसतोय हे लक्षात आल्यावर गप्प झाला. फुग्याच्या बायकोने चहा संपवला, कप विसळून उलटा ठेवला आणि आल्या वाटेने गेली. कातळ्या पाय पसरून बसला होता. दोन घासांमध्ये त्याला दम घ्यावा लागत होता. त्याने बायकोकडे पाहिलं तर ती इंजिनात डिझेल ओतत होती. दुपारी तिने त्याला खाली सोडलं ते इतकं सावकाश, की जावई वरून ओरडला, अहो, नवरीची पाठवणी आहे का?

संध्याकाळी घरी आल्यावर ती त्याचा शर्ट धूत होती. त्यांच्या दोन खोल्या गावाच्या कडेला होत्या आणि मोरीचं पाणी थेट रस्त्याच्या कडेच्या चरात जायचं. कातळ्याच्या शर्टाचं पाणी राखेच्या रंगाचं निघायचं. तिसऱ्या पाण्यालाही ते निवळलं नाही तेव्हा ती म्हणाली, विमा काढायचा. कातळ्याने विचारलं कुणाचा, ती म्हणाली तुमचा. कातळ्याला गंमत वाटली. तो म्हणाला, म्हणजे मी मेल्यावर तू मजा करणार. ती म्हणाली, "फुग्यापण हसायचा." आणि शर्ट दोरीवर टाकायला बाहेर गेली.

विमा झेरॉक्सवाल्याकडे निघायचा. एसटी थांब्याजवळ त्याचं अडीच हात रुंद दुकान होतं. तिथे तो झेरॉक्स काढायचा, फोटो काढायचा, मोबाईल रिचार्ज करायचा, लग्नपत्रिका छापून द्यायचा आणि विमाही उतरवायचा. माणसाचं सगळं आयुष्य तो एका काउंटरवर उरकायचा. तोंडाला विसावा म्हणून नव्हता. पण ब्रेकवाली समोर बसली की तो थोडं जपून बोलायचा, कारण ती मधे बोलत नसे आणि शेवटी एकच प्रश्न विचारत असे.

त्याने कातळ्याचा अर्ज भरायला घेतला. नाव, वय, धंदा झाले. मग प्रश्न आला, दीर्घकाळ खोकला आहे का. झेरॉक्सवाल्याचं पेन 'नाही'च्या चौकोनावर जाऊन उभं राहिलं. सगळे असंच भरतात, तो म्हणाला. ब्रेकवाली म्हणाली, "आहे लिहा. उद्या पैसे मागायला मी जाणार. तेव्हा हे नसतील आणि तुम्ही माझ्यासोबत येणार नाही." कातळ्या दुकानाबाहेर जाऊन खोकून आला. तिथे उभ्या असलेल्या चार माणसांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

आहे लिहिल्यामुळे कंपनीच्या डॉक्टरकडे जाणं आलं. दिवस बुडू नये म्हणून कातळ्याने दुपारपर्यंत ड्रिल मारलं आणि तसाच तालुक्याला गेला. डॉक्टरने पाठीला नळी लावली, फुंकायला लावलं आणि छातीचा फोटो काढून घ्यायला सांगितला. फोटो उजेडात धरला तर दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके. हे काय, कातळ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाला, धूळ.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं आणि दोघांनाही खरोखरच हायसं वाटलं. आंघोळ न करता गेल्यावर दुसरं काय होणार. अंगावर धूळ, शर्टावर धूळ, केसांत धूळ. मशीन बिचारं जे समोर आहे तेच दाखवणार. रविवारी ब्रेकवालीने पाणी तापवलं, कातळ्याची पाठ दगडाने घासून काढली, पुन्हा एकदा साबण लावला, कानांत फडक्याचं टोक फिरवलं. धाकट्या पोराला हे सगळं इतकं मजेशीर वाटलं, की त्याने स्वतःच्याही अंगावर तांब्या ओतून घेतला. लग्नकार्यातला शर्ट घालून कातळ्या स्वतःच्या खर्चाने दुसरा फोटो काढून आला. फोटो काढणाऱ्या पोराला त्याने आधीच सांगितलं, आज मी स्वच्छ आहे.

ठिपके होते तिथेच होते. या खेपेला डॉक्टरने त्याला खुर्चीवर बसवलं आणि कागदावर छातीचं चित्र काढून दाखवलं. धूळ बाहेर नव्हती, आत होती, आणि कुठल्याही साबणाने निघणारी नव्हती. ड्रिल लगेच सोडायचं, डॉक्टर म्हणाला. सोडलं तर बरीच वर्षं निघतील, बसून करायची कामंही जमतील. नाही सोडलं तर काय, यावर त्याने फक्त पेनाचं टोपण लावलं. कातळ्याला सगळ्यात जास्त कसली लाज वाटली असेल, तर त्या फोटोवाल्या पोराला जे सांगितलं त्याची.

पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. थोरली मुलगी बारावीला होती, तिने ते वाचून दाखवलं. शब्द मोठे सभ्य होते. प्रस्ताव स्वीकारता येत नाही, दिलगीर आहोत. कातळ्याने पत्र परत मागितलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दोन दिवस ते खिशातच वागवलं. बाजारात बैल घेताना लोक तोंड उघडून दात बघतात आणि नको म्हणून पुढे जातात, तसं झालं होतं.  ब्रेकवाली त्याला ड्रिल सोडा म्हणाली नाही. सोडलं तर जोडी फुटली, आणि जोडी फुटली की काय होतं ते दोघांनीही पाहिलं होतं.

मग झेरॉक्सवाल्याने नवीन टूम काढली. तो घरी येऊन म्हणाला, यांचा नाही होत तर वहिनींचा काढू. वहिनींची तब्येत ठणठणीत आहे. कातळ्याला हे कानफटात बसल्यासारखं लागलं. घर चालवतो मी, तो म्हणाला, हिचा विमा काढून काय करू? झेरॉक्सवाला पहिल्यांदाच शब्द शोधू लागला. ब्रेकवालीने मात्र उत्तर दिलं. ती म्हणाली, "आज ना उद्या तुम्ही ड्रिल सोडून वर येणार. मग मीच राहिले. मला काही झालं तर पोरांना तुम्ही कशावर वाढवणार, ते सांगा." आवाजात राग नव्हता. भाजी किती आणायची हे विचारावं, तसं तिने विचारलं होतं. कातळ्याने झेरॉक्सवाल्याला अर्ज ठेवून जायला सांगितलं.

दुसरा अर्ज थोरलीने भरला. आईला विचारून विचारून भरला, आणि तिथेच घोटाळा झाला. तुला पगार मिळतो का, या प्रश्नावर आई म्हणाली नाही, आणि ते खरंच होतं. तिच्या हातात कोणी कधी काही दिलंच नव्हतं. थोरलीने लिहिलं, गृहिणी, उत्पन्न नाही. चौदा वर्षं पहाटे सहाला घर सोडणाऱ्या बाईला तिच्याच मुलीने गृहिणी लिहिलं, आणि घरात कोणाला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही. कंपनीने अर्ज परत पाठवला. ज्या बाईला उत्पन्न नाही आणि जिच्या नवऱ्याचा विमा नाही, तिचा विमा आम्ही काढत नाही. झेरॉक्सवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. म्हणाला, मुकादमाचं पत्र आणा. ही माझ्याकडे यारी चालवते आणि तिला अमुक इतकी मजुरी देतो, एवढ्या दोन ओळी. बाकीचं मी बघतो.

दोन ओळींचा प्रश्न होता. कातळ्या एकटा मुकादमाच्या घरी गेला. मुकादम ओट्यावर दाढी करत होता. फेसातून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि वस्तरा खाली ठेवून म्हणाला, "जोडीची मजुरी मला ठाऊक आहे. त्यातली बाईची किती हे मी कसं सांगू? तुझ्या ताटातला अर्धा घास तिचा की पाव, हे मला काय ठाऊक?" मग खरं कारण सांगितलं. एका बाईचं लिहून दिलं, की माझ्या सात टोळ्यांतल्या सगळ्या बायका कागद घेऊन दारात उभ्या राहतील. कातळ्याने आणखी दोनदा विनवलं. मुकादमाने गाल फुगवून दुसरी बाजू करायला घेतली.

घरी परतल्यावर बायकोने विचारलं तेव्हा कातळ्या म्हणाला, उद्या देतो म्हणालेत. का म्हणाला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. इतक्या वर्षांत बाहेरच्या जगातलं एकच काम तिने त्याला सांगितलं होतं, आणि तेवढंही जमलं नाही असं तोंडाने म्हणवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर सगळे जमले. खालचा शेवटचा थर राहिला होता. पावसाळा पंधरा-वीस दिवसांवर आला होता आणि विहीर मालक रोज येऊन काठावरून आत वाकून जायचा. मुकादमाने खुर्ची मांडली. ब्रेकवाली हात पुसत त्याच्यासमोर गेली आणि तिने पत्र मागितलं. मुकादम म्हणाला, कसलं पत्र, काल तर मी नाही म्हणून सांगितलं. ब्रेकवालीने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. कातळ्या वाकून बुटाची नाडी बांधू लागला. ती बांधलेलीच होती.

एवढ्यावर ती परत फिरली असती. पण मुकादमाला सगळ्यांसमोर विनोद सुचला. तो म्हणाला, "दांडा दाबायचा आणि दांडा सोडायचा, त्याचा काय पगार लिहायचा? हे काम तर माझा भाचापण करील." भाचा शेजारीच मोटारसायकलला टेकून मोबाईल बघत होता. सत्तावीस वर्षांचा, दंडावर गोंदण, कामाच्या शोधात असलेला आणि काम सापडू नये याची काळजी घेणारा.

ब्रेकवाली म्हणाली, बरं, करू द्या. ती यारीपासून चार पावलं लांब जाऊन दगडावर बसली. डोक्याचा फडका सोडून पुन्हा बांधला. रागावल्यासारखं काही दिसत नव्हतं.

भाच्याने मोबाईल खिशात घातला आणि दांडा धरला. आधी रिकामा डोल सोडून बघ, लंबू म्हणाला. भाच्याने दांडा सैल केला. दोर सुटला तो सुटतच गेला. भाच्याने घाबरून सगळं वजन दांड्यावर टाकलं. यारीचा सांगाडा कचकचला, डोल अधांतरी हिसका खाऊन गोल फिरला आणि खडकावर आपटल्याचा आवाज साठ फुटांवरून वर आला. मालकाच्या शेतातल्या चिमण्या उडाल्या. भाचा म्हणाला, पहिलीच वेळ आहे, दोन-चार फेऱ्यांत हात बसेल.

वर आलेल्या डोलाच्या काठाला चेपा पडला होता. मुकादम म्हणाला, चला, उतरा. कोणी हललं नाही. लंबू आपल्या दोन हातांच्या नखांतली माती काढू लागला. जावई म्हणाला, माझ्या पोटात दुखतंय. त्याच्या पोटात दुखण्यासारखं काही नाही हे त्याच्या बायकोलाही ठाऊक होतं, पण ती म्हणाली, सकाळपासून दुखतंय यांचं. मुकादमाने कातळ्याकडे पाहिलं. सगळ्यात जुना तो. तो डोलात उभा राहिला, की बाकीचे दोघे मुकाट्याने मागे जाणार, हे मुकादमाला पक्कं माहीत होतं. "कातळ्या, तू उतर," तो म्हणाला.

कातळ्या डोलापाशी गेला. एक पाय आत टाकला. हाताने दोर धरला आणि खाली पाहिलं. असल्या भोकात तो हजार वेळा उतरला असेल, पण आज खालचा अंधार त्याला पहिल्यांदा दिसला, कारण आजवर त्याने खाली कधी पाहिलंच नव्हतं. तो नेहमी वर बघत उतरायचा. वर दांडा धरलेली ती असायची.  त्याने पाय परत बाहेर काढला आणि त्याला कालचं सगळं आठवलं, फेस, वस्तरा, ताटातला घास, आणि बायकोशी बोललेलं खोटं.

"मुकादम," तो म्हणाला, "काल तुम्ही विचारलं, जोडीतलं बाईचं किती. मला उत्तर आलं नाही. आता सांगतो. ही माझ्या जोडीतली नाहीच. लंबूची जोडी, जावयाची जोडी, माझी जोडी, तिन्ही हिच्या हातावर खाली जातात. यारीचं वेगळं लिहा."

मुकादम म्हणाला, म्हणजे चौथी मजुरी? मग तुझी जोडी फुटली समज. तुला एकट्याला कोण ठेवील?

इथे गप्प बसता आलं असतं. आजवर छातीच्या फोटोचं टोळीत कोणाला ठाऊक नव्हतं. ब्रेकवाली दगडावरून उठली. तिला वाटलं आता हा माघार घेणार, आणि घेतली असती तरी तिने बोल लावला नसता. कातळ्याला बोलण्याआधी खोकला आला. तो दोराला धरून वाकला आणि संपेपर्यंत खोकला. 

"मला ठेवूच नका," तो म्हणाला. "ही विहीर संपवतो आणि वर येतो. डॉक्टरने सांगितलंय. छातीत दगड बसलाय, फुग्यासारखाच. माझ्या मागे हिची जोडी फुटली म्हणून हिला चहा पाजून घरी पाठवाल, ते चालणार नाही."

लंबूने नखं सोडली. त्यालाही हल्ली सकाळी खोकला यायचा.  जिथे उभा होता तिथेच तो खाली बसला. त्याच्या शेजारी जावई बसला, पोट धरायचं विसरून. बायकांनी घमेली पालथी घातली आणि त्यांवर टेकल्या. तेवढ्यात विहीर मालक शेताच्या बांधावरून येताना दिसला. यारी बंद, माणसं बसलेली, डोलाला चेपा. काय झालं, त्याने लांबूनच विचारलं. मुकादम घाईने म्हणाला, काही नाही, इंजिन गरम झालं होतं. मग दबक्या आवाजात कातळ्याला म्हणाला, कागद आहे का?

कागद थोरलीने पिशवीत आधीच घालून दिला होता. मुकादमाने मोटारसायकलच्या सीटवर ठेवून दोन ओळी लिहिल्या. यारीचालक म्हणून कामावर आहे, जोडीशिवाय, स्वतंत्र मजुरीवर. आकडा लिहायच्या जागी तो थांबला आणि त्याने जोडीच्या मजुरीचा एक तृतीयांश सांगितला. कातळ्या हो म्हणणार होता. ब्रेकवाली म्हणाली, अर्धी. मुकादम म्हणाला, बसून करायचं काम आहे. ब्रेकवाली म्हणाली, भाच्याला विचारा. भाचा तोंड फिरवून मोटारसायकलच्या आरशात बघत होता. मुकादमाने अर्धी लिहिली, सही केली आणि वर पुन्हा बजावलं, की फुग्याच्या बायकोला यातलं काही सांगू नका. लंबूची बायको म्हणाली, नाही सांगत. दुपारच्या सुट्टीत ती सांगायला ओढ्यापलीकडे जाऊन आली.

ब्रेकवालीने दांडा हातात घेतला, दोराला एकदा हाताने चाचपलं, चेपा पडलेल्या काठावर हातोडीने दोन घाव घालून तो सरळ केला. कातळ्या डोलात उभा राहिला. खोटं बोलल्याबद्दल काहीतरी म्हणावं असं त्याच्या मनात होतं. तिनेच विचारलं, सोडू? तो हो म्हणाला. ती त्याला खाली सोडत गेली आणि तो वर बघत गेला. अंधारात डोल खडकाला लागल्याचं त्याला कळलंही नाही, इतका तिने तो अलगद टेकवला.

विहीर अकराव्या दिवशी पुरी झाली. चुकून का होईना, पाणी भरपूर लागलं. मालकाने टोळीला पेढ्यांऐवजी बिस्किटांचे पुडे वाटले आणि मुकादमाने पुढच्या विहिरीवर कातळ्याच्या जागी दुसरी जोडी आणली; यारीवर ब्रेकवालीच राहिली. कातळ्याने ड्रिल त्या नव्या माणसाच्या हातात दिलं. दिलं म्हणजे सांगितलं सगळं, कुठे धरायचं, कुठे अडकतं, आणि तोंडाला ओलं फडकं बांध म्हणाला. नवा माणूस म्हणाला, त्याने दम कोंडतो. कातळ्याही वीस वर्षांपूर्वी हेच म्हणाला होता, म्हणून त्याने पुढे काही सांगितलं नाही. हात रिकामे घेऊन तो घरी आला. दुपारच्या उन्हात आपलं घर कसं दिसतं, ते त्याने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सगळे झेरॉक्सवाल्याकडे गेले. ब्रेकवालीची तपासणी झाली होती. विहिरीच्या काठावरचं काम म्हणून हप्ता थोडा वाढवला होता, पण कंपनी तयार होती. अर्ज नव्याने भरायचा होता. थोरली काउंटरवर वाकून लिहीत होती, ब्रेकवाली स्टुलावर बसली होती आणि कातळ्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, कारण आत तिसऱ्याला जागा नव्हती. धंदा, यारीचालक. उत्पन्न, मुकादमाच्या पत्रातला आकडा. थोरलीने तो आकडा दोनदा गिरवला.

मग एक रकाना आला. थोरलीने वाचून दाखवला. तुमच्या उत्पन्नावर अवलंबून असलेल्या व्यक्ती. ब्रेकवालीने थोरलीचं नाव सांगितलं, धाकट्याचं सांगितलं. पुढे थांबली. थोरलीचं पेनही थांबलं. झेरॉक्सवाला मदतीला धावला. म्हणाला, बस, मुलांची नावं पुरेत, या रकान्यात नवऱ्याचं नाव कोणी लिहीत नाही. बायकांच्या अर्जात मुलं आणि म्हातारी सासू, एवढंच असतं.

कातळ्याने विचारलं, "लिहिलं तर कंपनी अर्ज परत पाठवते का?"

नाही, झेरॉक्सवाला म्हणाला, परत कशाला पाठवेल.

दुकानापुढे एसटीची वाट बघणारी माणसं उभी होती. त्यांतली निम्मी कातळ्याला ओळखत होती, आणि उरलेल्यांनी त्याच्या घणाच्या गोष्टी ऐकल्या होत्या. एकजण वर्तमानपत्र खाली करून आत बघत होता. कातळ्या चौकट सोडून काउंटरपाशी आला. आवाज खाली करायचा त्याने प्रयत्न केला नाही, आणि केला असता तरी त्या छातीने तो नीट खाली झाला नसता.

"मुलांच्या आधी माझं लिही," तो थोरलीला म्हणाला.

थोरलीने आईकडे पाहिलं. ब्रेकवालीने काउंटरवर ठेवलेला हात उचलला नाही, फक्त मान हलवली. थोरलीने कोपऱ्यातल्या कोऱ्या जागेत, दोन्ही नावांच्या वर, वडिलांचं नाव लिहिलं. नात्याच्या चौकोनात लिहिलं, पती. मग अर्ज आईपुढे सरकवला, आणि सही कुठे करायची ते कातळ्याने बोट ठेवून दाखवलं.